सप्तपर्णीच्या गाठी आणि बाळगुटीतलं मायफळ

नवरात्र संपता संपता इंदुरातल्या कॉलन्यांमध्ये सप्तपर्णीचा वास दाटायला लागतो. त्याच सुमारास कुणीतरी हातात चार पानं घेऊन विचारतं, "याला कसला रोग झालाय हो?" पानांवर चामखिळीसारख्या टणक गाठी असतात. एखादी ब्लेडनं चिरली की आधी पांढरा चीक बोटाला चिकटतो. तो पुसला की आतल्या पोकळीत इवलंसं चपटं पिल्लू बसलेलं दिसतं. संत्रा-लिंबाच्या बागाईतदारांना सायला ही कीड माहीत असते, तिच्याच गोतावळ्यातलं हे. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "फवारायचं काय?"

गंमत अशी की ज्या घरातून हा प्रश्न येतो, त्याच घरात बाळगुटीच्या डबीत अशीच एक गाठ जपून ठेवलेली असते. मायफळ. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान-इराणकडच्या ओक झाडाच्या फांदीवर एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते आणि त्याभोवती झाड जी गोटी बांधतं, ते मायफळ. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून ते तुरट. म्हणूनच बाळाचं पोट बिघडलं की आजी सहाणेवर त्याचे दोन वेढे जास्त देते. युरोपात कित्येक शतकं मायफळ आणि हिराकस यांचीच काळी शाई होत असे. काकडशिंगीही तसलीच. हिमालयाच्या पायथ्याकडच्या झाडावर मावा नावाची बारीक कीड ही पोकळ शिंगं तयार करवून घेते. चरकसंहितेत खोकल्यावरच्या औषधांमध्ये कर्कटशृंगी, म्हणजे हीच काकडशिंगी, येते. आपण गाठी उगाळून चाटवत आलो आणि वर पुन्हा गाठींना घाबरतो.

गाठ नेमकी करतं कोण, हे कळायला वेळ लागला. आपोआप जीव निर्माण होतात ही समजूत खोडून काढणारा इटलीचा फ्रान्चेस्को रेडी 1668 मध्येही मानत होता की गाठीतली अळी मात्र झाडाच्याच प्राणशक्तीतून उपजते. 1679 मध्ये त्याचाच देशबंधू मार्चेल्लो माल्पिगी यानं गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि अळी अंड्यातून येते, अंडं कीटक घालतो, हे दाखवलं. रेडी अगदीच चुकला होता असं मला वाटत नाही. अंडं किंवा लाळ कीटकाची, पण भिंती झाडाच्या. कीटक हुकूम सोडतो आणि झाड आपल्या पेशी फुगवून त्याला घर बांधून देतं.

आपल्याकडे या विषयाचा पाया घालणारे एम. एस. मणी आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात होते. भारतातल्या वनस्पतींवरील गाठींचा त्यांचा ग्रंथ 1973 चा. तोवर हा अभ्यासकांचा विषय होता, बागेतल्या माणसाचा नव्हता. एकाच जातीची झाडं रांगेनं लावायची पद्धत पडली आणि चित्र पालटलं. निलगिरीच्या कोवळ्या फांद्यांवर गाठी करणारी माशी मूळची ऑस्ट्रेलियाची. 2000 च्या सुमारास ती भूमध्य समुद्राकाठी दिसली आणि काही वर्षांतच भारतातल्या लागवडींत पोचली. पांगाऱ्याची पानं वेडीवाकडी करणारी दुसरी माशीही त्याच काळातली. दोघींना शास्त्रीय नाव मिळालं ते एकाच वर्षी, 2004 मध्ये. फवारणीनं दोन्हींपुढे हात टेकले. इस्रायलनं ऑस्ट्रेलियातून आणि हवाईनं 2008 मध्ये आफ्रिकेतून त्यांचे परोपजीवी शत्रू, म्हणजे त्यांच्याच पिल्लांवर वाढणारे कीटक, आणून सोडले, तेव्हा कुठे झाडांना उसंत मिळाली.

इंदुरात हा विषय निघाला की इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड आठवतातच. 1924 ते 1931 ते इथे होते. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी त्यांची संस्था होती आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथलीच. त्यांचं म्हणणं असं की कीड हे रोगाचं मूळ नव्हे. माती आणि मशागत बिघडल्याची ती खूण आहे. इंदूरकर म्हणून मला हे पटायला आवडलं असतं, पण गाठींच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. या किड्यांना कोवळी पालवी लागते. चांगलं खतपाणी आणि वारंवार छाटणी म्हणजे त्यांना पंगतीचं आमंत्रणच.

करंजाची गोष्ट वेगळी. त्याच्या पानांवरचे बारीक फोड कोळ्यांचे; जाळं विणणारे नव्हेत, झाडावर जगणारे सूक्ष्म माइट. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर आणि पायांच्या दोनच जोड्या, म्हणजे भिंगाशिवाय दिसणं कठीण. कोळ्यावर गंधक चालतं, साधं कीटकनाशक बहुधा वाया जातं. म्हणून आधी चिरून बघावं, मग दुकान गाठावं.

मायफळ घेताना जुनी माणसं ते फिरवून बघतात. छिद्र नसलेलं चांगलं, कारण आतला किडा बाहेर पडण्याआधी ते तोडलेलं असतं. छिद्रवाल्याचा कस कमी. सप्तपर्णीचं पानही तसंच फिरवून बघावं. गाठ उघडलेली असेल तर पाहुणा केव्हाच गेला, औषध रिकाम्या घरावर पडणार. बंद असेल तर वरून मारलेला फवारा भिंतीच्या आत पोचत नाही. फवारणीला काही अर्थ असलाच तर पालवी फुटताना, गाठ बांधून व्हायच्या आत. मोठं झाड गाठींनी सहसा मरत नाही. रोपवाटिकेतल्या रोपांची गोष्ट निराळी. तिथली गाठाळ पानं खुडून जाळावीत. पण गाठीवर सुईच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर थांबावं. तिथून बहुधा आतल्या पिल्लाला खाऊन मोठी झालेली परोपजीवी माशी बाहेर पडलेली असते.