आतली भिंत पाडण्याची परवानगी: अर्ज कोण करू शकतो, कागदपत्रं कोणती लागतात

दोन खोल्यांची एक करायची तर अर्जाआधी एक गोष्ट ठरवावी लागते: मधली भिंत वरचा भार पेलते की नुसता आडोसा आहे? आडोसा असेल तर काही ठिकाणी साध्या सूचनेवर काम भागतं. भारवाही असेल तर गणितं, नकाशे आणि तपासणी, सगळंच आलं.

भिंत ओळखताना

आधी इमारत कशी उभी आहे ते पाहा. आरसीसी सांगाड्यात भार कॉलम आणि बीम पेलतात, मधल्या विटांच्या भिंती बहुधा भरावाच्या असतात. लोड बेअरिंग बांधकामात मात्र स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का, हेही बघा. एकावर एक रांगेत आलेल्या भिंतींवर संशय धरावा. लाकडी तुळयांचं छत असेल तर तुळयांना काटकोनात जाणारी, विशेषतः त्यांच्या जोडाखालची भिंत भार घेत असण्याची शक्यता जास्त.

जाडीवर मात्र फार विसंबू नका. नऊ इंची भिंत बहुधा भारवाही आणि साडेचार इंची बहुधा आडोशाची, हा ठोकताळा जुन्या घरांत सर्रास फसतो. ठोकून आवाज ऐकणं तर त्याहून कुचकामी. त्यातून फार तर भिंत पोकळ आहे की भरीव एवढंच कळतं. काँक्रीटची भिंत असेल, त्यातही लिफ्ट किंवा जिन्यालगतची, तर ती शिअर वॉल असू शकते. ती वारा आणि भूकंपाचा आडवा जोर घेते, त्यामुळे तिच्यावर काही टेकलेलं नाही म्हणून ती सुटत नाही. शिवाय स्लॅब वर्षानुवर्षं किंचित खाली वाकतो आणि मुळात आडोशाची असलेली भिंतही थोडा भार घेऊ लागते.

हा सगळा अंदाज झाला. निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच, आणि तोही गिलावा थोडा खरवडून पाहिल्यावर. ठेकेदाराचं 'काही होत नाही' हे प्रमाणपत्र नव्हे.

अर्ज कोणी करायचा

मालकाने. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या. भाडेकरूला मालकाची लेखी संमती लागते. सामायिक इमारतीत रहिवाशांच्या संस्थेचं ना हरकत पत्रही मागितलं जातं, आणि ते योग्यच आहे. लंडनच्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत 1968 साली अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट होऊन भारवाही भिंतींचे पॅनल उडाले. आधार गेल्याने तो कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार जण दगावले.

कागदपत्रं

मालकीचा पुरावा, मंजूर नकाशाची प्रत, मिळाल्यास मूळ स्ट्रक्चरल नकाशे, सध्याचा व प्रस्तावित नकाशा आणि इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल. भारवाही भिंतीसाठी नव्या बीमचं गणितही जोडावं लागतं: बीम कुठे टेकणार, तो भार पायापर्यंत कसा पोचणार आणि काम चालू असताना टेकू कुठे लावणार. अर्ज परत येतो तो बहुधा शेवटच्या दोन मुद्द्यांवर. बीमचा आकार सगळे लिहितात, त्याच्या टोकांखालची वीट तो भार सोसेल का हे राहून जातं.

मंजुरीनंतर

पत्र हातात येईपर्यंत हातोडा नको. बीम बसल्यावर पण गिलाव्याआधी तपासणी करून घ्या, झाकलेलं काम अधिकारी पुन्हा उघडायला लावू शकतात. पूर्णत्वाचा दाखला आणि बदललेला नकाशा घराच्या कागदांत ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील तोच मागतो.