गोळीला घर लागतं

हृदय अशक्त झालं की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. त्यावर लघवी वाढवणारी गोळी देतात. जुनं, स्वस्त, गुणकारी औषध. घेतल्यावर तासाभरात लघवीला लागते आणि पुढचे काही तास लागतच राहते. ज्याला जवळपास शौचालयच नाही, तो काय करेल? गोळी टाळेल. कागदावर मात्र नोंद होते : ‘रुग्ण औषधं नियमित घेत नाही’.

आपल्या बहुतेक उपचारांनी रुग्णाला घर आहे असं न विचारताच गृहीत धरलेलं असतं. न उघडलेली इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, म्हणजे फ्रीज आला. टोचून घेतल्यावर वेळेत जेवायचं, नाहीतर साखर घसरून शुद्ध हरपू शकते. म्हणजे जेवणाची खात्री आली. ‘आठवडाभर पडून राहा’ म्हणताना अंथरूण गृहीत आहे, ‘जखम ओली करू नका’ म्हणताना छप्पर. इंग्लंड-वेल्समध्ये बेघर अवस्थेत मरणाऱ्यांचं सरासरी वय ४५च्या आसपास भरतं. त्यात अमली पदार्थ, दारू आणि आत्महत्या यांचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पण मधुमेह, क्षय, हृदयविकार यांवरचे रोजचे उपचार हातून निसटतात, तेही या वयात मिसळलेलं असतं.

मग दवाखाना कुठे आणि कसा असावा? १९८५मध्ये बॉस्टनमध्ये जिम ओकॉनेल हा तरुण डॉक्टर बेघरांच्या निवाऱ्यात कामाला आला, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी त्याला आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय कोमट पाण्यात भिजवायच्या कामाला बसवलं. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. दिवसभर चालणाऱ्या, ओले बूट काढायची सोय नसलेल्या माणसाची त्वचा पांढरी पडून सोलवटते, भेगांतून जंतू शिरतात. मधुमेह असेल तर पाऊल गमवायची वेळ येते. पाय भिजवताना हे सगळं दिसतं. शिवाय डॉक्टर खाली आणि रुग्ण वर खुर्चीत! एरवी तपासायला नकार देणारा माणूस अशा वेळी स्वतःहून बोलू लागतो.

१९९२मध्ये अमेरिकेतल्याच पिट्सबर्गमधल्या डॉक्टर जिम विदर्स यांनी रात्री पुलांखाली जाऊन उपचार सुरू केले; बरोबर वाटाड्या होता पूर्वी बेघर असलेला एक माणूस. लंडनमध्ये क्ष-किरण यंत्र बसवलेली गाडी निवाऱ्यांपर्यंत जाऊन क्षयरोगी शोधते. बॉस्टनमध्ये तर रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी नसलेल्या, पण फुटपाथवर परतण्याइतके बरेही न झालेल्यांसाठी खाटा आहेत. औषधांतही बदल करता येतो : स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासाठी रोजच्या गोळीऐवजी महिन्याचं एक इंजेक्शन, म्हणजे हरवायला, चोरीला जायला काही उरतच नाही.

सरळ घरच दिलं तर? २००९पासून कॅनडातल्या पाच शहरांत २,०००हून अधिक लोकांवर हा प्रयोग झाला. व्यसन सोडायची, उपचार घ्यायची अट न घालता काहींना आधी घर आणि सोबत मदतीचा हात दिला, बाकीच्यांना नेहमीच्या सेवा. पहिल्या गटातले लोक घरात कितीतरी जास्त काळ टिकले. मानसिक त्रास आणि व्यसन मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालं. टीकाकार याकडे बोट दाखवतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षं झिजलेलं शरीर-मन किल्ली हातात आल्याने पूर्ववत होत नसतं. लघवीची गोळी मात्र सकाळी बिनधास्त घेता येते.