सिट्रुलिन : कलिंगडाच्या रसापासून उष्णतेने धापणाऱ्या पिल्लांपर्यंत

मे महिन्यात भर दुपारी पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरले, की चोच उघडी टाकून आणि पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणाऱ्या कोंबड्या दिसतात. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि हवा तापली की श्वासावाटे बाष्प बाहेर टाकणे हाच तिचा मुख्य आधार उरतो. अशा पक्ष्याला तोंडावाटे एखादे अमिनो आम्ल देऊन आतूनच थंड करता येईल का, या प्रश्नावर जपानच्या क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी काम केले. एल-सिट्रुलिन पाजलेल्या पिल्लांचे तापमान उतरते, एल-आर्जिनिन किंवा एल-ऑर्निथिन पाजल्यास मात्र उतरत नाही, असे त्यांनी २०१५ साली मांडले. शरीरातील रसायनक्रियेत ही तिन्ही द्रव्ये एकमेकांची सख्खी भावंडे असल्याने हा निष्कर्ष बुचकळ्यात टाकणारा आहे.

सिट्रुलिनचा शोधही जपानमधलाच. कोगा आणि ओडाके यांनी १९१४ साली कलिंगडाच्या रसातून ते वेगळे केले. पुढे १९३० मध्ये वाडा यांनी त्याची रचना निश्चित केली आणि कलिंगडाच्या ‘सिट्रुलस’ या शास्त्रीय नावावरून त्याचे बारसे झाले. १९३२ मध्ये क्रेब्ज आणि हेन्झेलाइट यांनी युरिया चक्र, म्हणजे शरीरातील नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर टाकणारी रसायनक्रियांची साखळी, उलगडले, तेव्हा ऑर्निथिनपासून सिट्रुलिन, त्यापासून आर्जिनिन आणि पुन्हा ऑर्निथिन असा त्याचा फेरा स्पष्ट झाला.

पक्ष्यांमध्ये मात्र हा फेरा पुरा होत नाही. ते नायट्रोजन युरियाऐवजी यूरिक आम्लाच्या रूपात टाकतात आणि ऑर्निथिनपासून सिट्रुलिन बनवू शकत नाहीत. म्हणूनच पिल्लांना आर्जिनिन खाद्यातून द्यावे लागते. त्या आर्जिनिनची जागा सिट्रुलिन घेऊ शकते, हे क्लोस आणि आल्मक्विस्ट यांनी १९४० मध्येच दाखवले होते. त्या वेळी प्रश्न वाढीचा होता, उष्णतेचा नव्हता.

या द्रव्याकडे नव्याने लक्ष गेले ते १९८८ नंतर. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू आर्जिनिनपासून बनतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले, आणि त्या क्रियेत सिट्रुलिन मागे उरते. सस्तन प्राण्यांत तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतडे आणि यकृत यांतच खर्ची पडतो. सिट्रुलिन तेथून निसटून मूत्रपिंडात पोहोचते आणि आर्जिनिन बनते. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर पडत असावी, ही कल्पना येथूनच सुचते. परंतु ती सस्तन प्राण्यांच्या अभ्यासावर उभी आहे, आणि पक्ष्यांना ती तशीच्या तशी लावणे धाडसाचे ठरेल.

कलहारीच्या वाळवंटातील रानकलिंगड पाण्याच्या तुटवड्यात आणि कडक उन्हात पानांमध्ये सिट्रुलिन साठवते, हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास दाखवले, हाही एक लक्षणीय योगायोग. क्युशूच्या गटाने २०१७ मध्ये उष्ण वातावरणात ठेवलेल्या पिल्लांवरही तापमान उतरण्याचा तोच परिणाम नोंदवला. मात्र हा परिणाम कलिंगडाच्या फोडींकडून अपेक्षू नये : एक किलो गरात सिट्रुलिन साधारण दोन ग्रॅम, म्हणजे पूरक म्हणून माणसे घेतात त्या तीन ते सहा ग्रॅमसाठी रोज दीड ते तीन किलो गर संपवावा लागेल.