'कसं' आणि 'काहून'

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या गावच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. "देवाची करनी, बाप्पा!" म्हणून एका काकांनी हात जोडले. पुढं तपासणीत कळलं, पाणी आटून खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचाच तो रंग. लगेच एक पोरगा म्हणाला, "पाह्य काका, संपला तुमचा देव!"

मला दोघंही घाईत वाटले. नास्तिक आणि ख्रिस्ती विद्वानांचे जाहीर वाद आता मोबाइलवर याच टपरीत पाहिले जातात, आणि त्यांतही हीच गल्लत दिसते. देवाच्या बाजूचे दोन युक्तिवाद तिथं एकाच पोत्यात भरले जातात.

एक आहे 'कसं'चा. अमुक कसं झालं हे विज्ञानाला सांगता येत नाही, म्हणजे ते देवानं केलं. ग्रहांची व्यवस्था अधूनमधून देवाला नीट करावी लागत असेल, असं खुद्द न्यूटनला वाटे. पुढं फ्रेंच गणिती लाप्लासच्या मांडणीनं ती गरज बरीच कमी केली. शेजारी धुरा म्हणजे शेताचा बांध कोरतो आणि दरसाल नांगराचं एखादं तास आपल्याकडे ओढतो ना, तसं या देवाचं वावर आकसत जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेन्री ड्रमंड या स्कॉटिश धर्मप्रचारकानंच आपल्या लोकांना यावरून टोकलं होतं.

दुसरा 'काहून'चा, म्हणजे 'का'चा. मुळात काही आहेच काहून? २८ जानेवारी १९४८ ला बीबीसी रेडिओवर जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री फ्रेडरिक कोपल्स्टन यांनी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपुढं हाच युक्तिवाद धरला. जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी टेकलेली. मग कशावरच न टेकलेलं काहीतरी असायला हवं. रसेल म्हणाले, विश्व आहे, बस्स. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई असते का? टोला झकास आहे. पण त्यानं कोपल्स्टनचा प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही, आणि प्रश्न उरला म्हणून देव सिद्ध होतो असंही नाही.

ओळखायची खूण सोपी: उद्या प्रयोगशाळेतून नवा निकाल आला तर युक्तिवाद पडेल का? पडणार असेल तर तो 'कसं'चा.

खरा घोळ महास्फोटापाशी, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या सिद्धांतापाशी होतो; तिथं 'कसं'चं उत्तर 'काहून'चं समजलं जातं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष पाहिली. हे खटकलं कुणाला? या कल्पनेचा पाया घालणाऱ्या जॉर्ज लमेत्र यांना, आणि ते स्वतः कॅथलिक पाद्री! आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते सांगत.

काकांना हे सगळं समजावलं. अर्धा कप चहा संपेपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "बरं, मंग थे जीव तळ्यात आले कुठून?"

"काका, हाबी 'कसं'चाच."