१९२७ साली मुंबईत रेडिओ घ्यायचा, तर कोणता?

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. प्रक्षेपकाची ताकद अवघी दीड किलोवॅट. वर्षाला दहा रुपये भरले की ऐकण्याचा परवाना मिळे. अवघड होती ती संचाची निवड. जितके व्हॉल्व्ह (तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मदतीनं क्षीण संदेश मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) जास्त तितका संच भारी, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळात याच्याइतका फसवा निकष दुसरा नव्हता.

केंद्राजवळ राहणाऱ्यासाठी सर्वांत भरवशाचा संच म्हणजे साधा स्फटिकाचा. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवलं, की त्या सांध्यातून वीज मुख्यतः एकाच दिशेनं वाहते आणि लहरीवर स्वार झालेला आवाज वेगळा काढता येतो. (गॅलेनाच्या या गुणाचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बसूंना मिळालं होतं, हे आवर्जून सांगायला हवं.) यात बॅटरी नाही, व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे संपण्या-जळण्यासारखं काहीच नाही. धक्का लागून तार सरकली, तर पुन्हा जागा शोधायची, एवढंच. मात्र हेडफोनमधला आवाज निव्वळ एरियलनं गोळा केलेल्या ऊर्जेवर चालतो. म्हणून गच्चीवर लांब एरियल आणि नळाच्या पाइपाला घट्ट अर्थिंग हवं. गिरगावात हे जमण्यासारखं होतं. पुण्यात, सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर, जमणारं नव्हतं.

तिथे व्हॉल्व्ह लागतातच, आणि त्यांच्याबरोबर विजेचा हिशेब येतो. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हची तार तापवायला सुमारे एक अँपिअर लागे. असे चार व्हॉल्व्ह असले, तर ४० अँपिअर-तासांचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी, दहा तासांत रिकामा. मग तो चार्ज करायला न्यायचा. तसाच पडून राहिला तर त्याच्या पट्ट्या खराब होतात. टंगस्टनमध्ये थोरियम मिसळलेल्या नव्या तारा कमी तापमानावरही भरपूर इलेक्ट्रॉन देत, पाव अँपिअरमध्ये काम भागे, आणि तोच ॲक्युम्युलेटर ४० तास चाले. म्हणून व्हॉल्व्ह किती, यापेक्षा तो किती वीज खातो हे आधी विचारायला हवं होतं.

व्हॉल्व्ह वाढवूनही एक अडचण सुटत नसे. आकाशात वीज चमकते तेव्हा ती स्वतःच रेडिओ लहरी सोडते, आणि मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) त्यांची खरखर दूरवरून येते. वळवाच्या दिवसांत तर विचारायलाच नको. संच गाणं जेवढं मोठं करतो, तेवढीच खरखरही मोठी करतो. दोन्हींमधलं प्रमाण एरियलपाशीच ठरतं. त्यामुळे चांगल्या एरियलवरचा दोन व्हॉल्व्हचा संच वाईट एरियलवरच्या पाच व्हॉल्व्हच्या संचापेक्षा सुस्पष्ट ऐकवू शकतो. भूगोलही आड येतो: खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यानं मध्यम लहरी समुद्रावरून कमी क्षीण होतात. तेवढ्याच अंतरावर घाटापलीकडच्या गावापेक्षा अलिबागसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला केंद्र जोरात मिळणार.

कमी व्हॉल्व्हमध्ये जास्त काम करून घ्यायची युक्ती म्हणजे ‘रिॲक्शन’. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेला थोडा संदेश पुन्हा आत सोडायचा. पण मात्रा वाढली की संच स्वतःच लहरी सोडू लागतो आणि शेजाऱ्यांच्या हेडफोनमध्ये शिट्ट्या घुमतात. चाळीत एकाला एक लागून घरं. तिथे हा संच मी सुचवला नसता.

व्हॉल्व्हच्या संचाला दोन बॅटऱ्या लागत: तार तापवायला काही व्होल्टची, आणि इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला ६० ते १२० व्होल्टची. दुसरीची जोडणी चुकून पहिलीच्या जागी झाली, तर सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा क्षणात जळत. म्हणून घेताना मागची बाजू बघावी, दोन्ही बॅटऱ्यांच्या जोडणीवर ठळक खुणा आहेत की नाहीत ते पाहावं, आणि नसतील तर पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं कराव्यात.