एपी की ड्युअल एनरोलमेंट?

अमेरिकेत मूल दहावी-अकरावीला आलं की मराठी पालकांच्या गप्पांत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि ड्युअल एनरोलमेंट हे दोन्ही विषय हमखास निघतात, आणि बऱ्याचदा एकच समजून. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास आणि जमलं तर क्रेडिट, म्हणजे तो विषय पुढे कॉलेजात झालेला धरला जाणं, इतपत साम्य खरंच आहे. पण मार्क कुठे नोंदले जातात हे विचारलं की फरक लक्षात येतो.

एपीचा वर्ग शाळेतच भरतो आणि शाळेचेच शिक्षक शिकवतात. मे महिन्यातली परीक्षा मात्र कॉलेज बोर्ड या संस्थेची. निकाल जुलैत लागतो, १ ते ५ गुणांत. क्रेडिट मिळणार की नाही ते या एका आकड्यावर ठरतं, वर्षभराच्या ग्रेडवर नाही. बारावीच्या बोर्डातून गेलेल्या आपल्याला हे लगेच उमगतं. काही कॉलेजं ३ वर क्रेडिट देतात, काहींना ५च लागतात, कॅलटेक तर देतच नाही. पण २ आले तरी फार बिघडत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो स्कोअर अर्जात कळवायची सक्ती नसते.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये मुलगा किंवा मुलगी खरोखरच कॉलेजची विद्यार्थी होते, बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजची. काही वेळा हा वर्गही हायस्कूलमध्येच भरतो, म्हणून गोंधळ वाढतो. इथे होमवर्क, मिडटर्म, फायनल असं सगळं मिळून ग्रेड लागते आणि ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमची राहते.

‘कायमची’ हे पालकांनी गंभीरपणे घ्यायला हवं. समजा, सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत सी ग्रेड आली, किंवा मुदत उलटल्यावर कोर्स सोडला म्हणून डब्ल्यू (‘विथड्रॉवल’चा शेरा) लागला. पुढे मेडिकलला अर्ज करायचा झाला, तर बहुतेक एम.डी. कॉलेजांसाठीच्या एएमसीएएस या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही भरावे लागतात. तो सी जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरला जातो आणि डब्ल्यूही दिसतो. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलाला घाईने तीन-तीन कोर्स घ्यायला लावू नका, असं मी कळकळीने सांगेन.

पैशाच्या बाबतीत ड्युअलचं पारडं अनेकदा जड असतं. फ्लोरिडात सरकारी शाळेतल्या मुलांना ड्युअलसाठी ट्यूशन, म्हणजे कॉलेजची शिक्षण फी, भरावी लागत नाही. एपीच्या एकेका पेपरला साधारण १०० डॉलर पडतात. ड्युअलचं क्रेडिट आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात सहसा सहज चालतं. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या सरकारी विद्यापीठांमध्ये कशाच्या जागी धरला जातो, हे ‘असिस्ट’ या साइटवर आधीच पाहता येतं. राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजात तशी खात्री नाही.

रोजचं काम नेटाने करणारं, पण तीन तासांच्या पेपरला गडबडणारं मूल असेल आणि राज्यातच शिकायचं असेल, तर मी ड्युअल निवडेन. मात्र नाव नोंदवण्याआधी डब्ल्यू न लागता कोर्स सोडायची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर बघून ठेवा. ती हायस्कूलच्या वेळापत्रकापेक्षा वेगळी असते आणि बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच निघून जाते.