इंडियानाची शालेय शिष्यवृत्ती नेमकी कोण घेतं?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर फिरणारं एक वाक्य: ‘इंडियानाची व्हाउचर शिष्यवृत्ती म्हणजे वाईट सरकारी शाळा सोडणाऱ्या गरीब मुलांची योजना.’

व्हाउचर म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी इंडियाना राज्य सरकार देतं ती रक्कम. हे वाक्य पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. योजना 2011 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 7,500 मुलांची मर्यादा होती. उत्पन्नाची अट होती आणि बहुतेक मुलांना आधी सरकारी शाळेत शिकलेलं असावं लागे. त्या वर्षीच्या सुमारे 3,900 लाभार्थ्यांपैकी बहुतेक खरोखरच तिथून आले होते.

मग 2013 मध्ये नियम सैल झाले. लाभार्थ्यांची भावंडं, विशेष गरजा असलेली मुलं, राज्याच्या मूल्यांकनात नापास श्रेणी मिळालेल्या सरकारी शाळेच्या हद्दीत राहणारी मुलं, यांना सरकारी शाळेची अट उरली नाही. 2016-17 पर्यंत लाभार्थी 34,000 च्या वर गेले, आणि निम्म्याहून अधिक मुलांची राज्यातल्या सरकारी शाळेत कधी नोंदच नव्हती. पुढे उत्पन्नाची मर्यादाही वाढत गेली. मध्यमवर्गीय घरंही आत आली.

इथे घाई नको. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘आधीपासून खासगी शाळेत फी भरत होता’ असं नव्हे. शिष्यवृत्ती घेऊन थेट बालवाडीतच पहिल्यांदा शाळेत गेलेलं मूलही त्यातच मोजलं जातं. त्यामुळे ‘सगळा पैसा श्रीमंतांनाच’ हा उलटा फॉरवर्डही टिकत नाही.

तपासणं सोपं आहे. राज्य दरवर्षी या योजनेचा अहवाल संकेतस्थळावर टाकतं. त्यात आधीची शाळा आणि कुटुंबाचं उत्पन्न यांचे तक्ते असतात. फक्त वर्ष बघून घ्या, कारण फॉरवर्डमधले आकडे बहुधा जुन्या नियमांच्या काळातले असतात.